बारा बाय दहामधला रॉक

रॉक हे मोठ्या आवाजाचं संगीत आहे, आणि ते रेकॉर्ड करण्याचा सगळा खटाटोप मात्र शांततेसाठी असतो. स्टेजवर समोरच्यांच्या कानठळ्या बसवणारा बँड स्टुडिओत आला की पंखा बंद करा, चपला बाहेर काढा, खुर्ची करकरू देऊ नका, पोट गुरगुरत असेल तर आधी बिस्कीट खाऊन घ्या, असल्या सूचना निमूटपणे ऐकतो. मोठ्या स्टुडिओत शांतता भाड्यातच धरलेली असते. ज्याच्यामागे कुठलीही कंपनी नाही अशा स्वतंत्र बँडला ती जमेल तिथून, जमेल तेवढी गोळा करावी लागते.

पुण्या-मुंबईतला छोटा स्टुडिओ म्हणजे बंगल्याचं गॅरेज, इमारतीचं तळघर, दुकानाचा पोटमाळा, नाहीतर आईवडील गावी राहायला गेल्यामुळे मोकळी झालेली बेडरूम. माप बारा बाय दहा, उंचीही दहाच. एका कोपऱ्यात टेबल, त्यावर कॉम्प्युटर, दोन स्पीकर आणि चहाच्या ग्लासाचे गोल डाग पडलेला ऑडिओ इंटरफेस. कॉम्प्युटरमध्ये बहुधा रीपर नावाचं सॉफ्टवेअर असतं. ते ६० दिवस फुकट वापरून बघता येतं. साठावा दिवस उलटला तरी ते बंद पडत नाही, फक्त उघडताना दर वेळी पैसे भरायची आठवण करतं. कित्येक स्टुडिओंचा एकसष्टावा दिवस वर्षानुवर्षं चालू आहे.

भिंतींवर अंड्याचे ट्रे असतात. ट्रे लावले की आवाज बाहेर जात नाही, ही समजूत कुणी पसरवली ते अंडीवाल्यांनाच विचारायला हवं. पुठ्ठा खोलीतला थोडासा चुरचुरीत आवाज शोषतो, एवढंच. भिंतीपलीकडे जाणारा आवाज अडवायला वजन लागतं, आणि ट्रेमधलं वजन आम्लेटात गेलेलं असतं. हिशेब साधा आहे. ड्रम सेट जोरात वाजला की जवळ साधारण ११० डेसिबल भरतात. नऊ इंची विटांची भिंत त्यातले पन्नासेक खाते, म्हणजे पलीकडे उरले ६०. निवासी भागात दिवसा परवानगी ५५ची. हे वरचे ५ डेसिबल सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणारे इतर विषय’ या सदराखाली चर्चेला येतात.

हे झालं भिंतीचं, दाराचं गणित निराळं आहे. एकूण भिंतीपैकी १ टक्का जागा उघडी राहिली, तर उरलेली भिंत शनिवारवाड्याची असली तरी २० डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडत नाही. त्यामुळे पैसे खर्चून आवाज शोषणारं रॉकवूल भरलेला स्टुडिओ दाराखालच्या बोटभर फटीतून गळतो, आणि ती फट शेवटी आजीच्या जुन्या नऊवारीची सुरळी करून बुजवावी लागते.

त्यातून बाहेरचे आवाज आत यायचे ते येतातच, आणि त्यांचं वेळापत्रक ठरलेलं असतं. सकाळी गाणं वाजवत घंटागाडी येते. साडेदहाच्या सुमारास वरच्या मजल्यावर कुकर लागतो. मग रद्दीवाला, भंगारवाला, रिव्हर्स घेताना किंचाळणारी टेम्पोची शिट्टी. एसीच्या खाचेत पारवे असतात, त्यांना वेळेचं बंधन नाही. पुण्यात पावसाळा सुरू झाला की गणपतीपर्यंत नदीकाठी ढोल-ताशाच्या पथकांचा सराव असतो आणि त्या दिवसांत ड्रम रेकॉर्ड करणं म्हणजे लग्नाच्या वरातीत बसून घड्याळाची टिकटिक मोजणं. रात्री दहानंतर कायदा आडवा येतो. (रॉक आणि शांतता यांचं भांडण मुंबईला नवं नाही. १९८६मध्ये सुरू झालेला ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा मेळा ज्या रंगभवनात भरायचा, तिथला आवाज पुढे शांतता क्षेत्राच्या नियमानं बंद झाला.) उरते ती दुपारी एक ते चारची वेळ. पुण्यात ती पूर्वापार शांततेसाठी राखून ठेवलेली आहे. बाहेरून काही आत येत नाही, कारण सगळे झोपलेले असतात. आणि सगळे झोपलेले असल्यामुळे आतून काही बाहेर जाऊन चालत नाही.

अशा खोलीचे पैसे तासावर असतात आणि इथे प्रत्येक बँडला एकच आकडा तोंडपाठ असतो: ६०६ डॉलर १७ सेंट. १९८८च्या डिसेंबरात निर्वाणा हा तेव्हा फारसा कुणाला ठाऊक नसलेला बँड सिॲटलच्या रेसिप्रोकल रेकॉर्डिंग या छोट्या स्टुडिओत गेला. रेकॉर्डिंग करणारा जॅक एन्डिनो स्वतः स्किन यार्ड नावाच्या बँडमध्ये गिटार वाजवायचा. टेपचं मशीन आठ ट्रॅकचं. सुमारे ३० तास काम चाललं आणि वरच्या आकड्याचं बिल झालं. ‘ब्लीच’ ही रेकॉर्ड सब पॉप या कंपनीनं १९८९च्या जूनमध्ये काढली आणि पुढे तिच्या लाखो प्रती खपल्या. ही गोष्ट सांगताना बँड दोन तपशील गाळतो. एक म्हणजे, ती मंडळी गाणी घोटून आली होती, ‘दुसरं कडवं तिथे गेल्यावर बघू’ असं म्हणत आली नव्हती. दुसरं म्हणजे, बिल भरलं जेसन एव्हरमन या गिटारवाल्यानं. रेकॉर्डवर त्याचं नाव आहे, कव्हरवर फोटो आहे, फक्त त्यानं वाजवलेला एकही सूर त्यात नाही.

एव्हरमन प्रत्येक बँडला लागतो. आपल्याकडे हे पद बहुतेक वेळा बेसवाल्याकडे जातं, कारण हिंजवडीत नोकरी त्यालाच असते.

स्टुडिओवाला हा कधीकाळी मोडलेल्या बँडचा वाचलेला माणूस असतो. त्याला सगळे ‘दादा’ म्हणतात. वय पस्तिशीपुढे, पाठ वाकलेली, आणि कुठलीही वायर हातात घेतली की ती हलवून बघण्याची सवय. शिकागोचा रेकॉर्डिंग इंजिनिअर स्टीव्ह अल्बिनी म्हणायचा की आपल्याला प्लंबरसारखे मजुरीचे पैसे द्यावेत, रॉयल्टी नको. त्यानं ती आयुष्यभर घेतली नाही. छोट्या स्टुडिओच्या दादाला ही उपमा शब्दशः लागू पडते. दिवसातला निम्मा वेळ तो गळती शोधत असतो. कधी हेडफोनमधला आवाज माईकमध्ये गळतो, कधी हाय-हॅट स्नेअरच्या माईकमध्ये, आणि जुलैत वरच्यांच्या बाथरूममधलं पाणी थेट टेबलावर. गळती आली की ट्रॅक वाचवायचा की मशीन, हे तो एका नजरेत ठरवतो.

स्टुडिओत येण्याआधी बँडनं घरी मोबाइलवर डेमो केलेला असतो. डेमो ऐकून ऐकून त्यावर जीव जडतो आणि मग नव्या टेकमध्ये ‘ती मजा नाही’ असं वाटायला लागतं. या आजाराला अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीननं प्रतिष्ठा मिळवून दिली. १९८२च्या जानेवारीत न्यू जर्सीतल्या कोल्ट्स नेकच्या घरी बसून त्यानं चार ट्रॅकच्या टीॲक १४४ या कॅसेट मशीनवर काही गाणी भरली. हेतू एवढाच की बँडला चाली समजाव्यात. पुढे स्टुडिओत तीच गाणी बँडबरोबर करून पाहिली, जमेना. ती कॅसेट तो डबीशिवाय नुसती खिशात घालून हिंडत होता, आणि शेवटी ‘नेब्रास्का’ म्हणून निघाली ती तीच. तेव्हापासून डेमोच बरा होता असं म्हणणाऱ्या प्रत्येकाकडे हा दाखला तयार असतो. स्प्रिंगस्टीनला ती गाणी लिहिताही आलेली होती, याचा उल्लेख सहसा होत नाही.

कामाला सुरुवात ड्रमपासून होते, कारण बाकीचं सगळं नंतर त्यावर रचायचं असतं. पहिला दिवस वाजवण्यात जात नाही, लावण्यात जातो. ड्रमला तबल्यासारखीच लावणी असते, फक्त हातोडीऐवजी चावी. पण तबला दोन मिनिटांत लागतो, आणि स्नेअरचं चामडं एका बाजूनं आवळलं की दुसऱ्या बाजूनं भांड्यासारखं वाजायला लागतं. ही भांड्याची झणझण मारायला जगभरचे ड्रमर एक युक्ती करतात: चामड्याच्या कडेला पाकीट ठेवायचं. पाकिटाच्या जाडीवर आवाज ठरतो. महिन्याच्या सुरुवातीला रेकॉर्ड केलेल्या गाण्यात स्नेअर घट्ट आणि भरीव येतो, पंचवीस तारखेनंतर तो पुन्हा झणझणायला लागतो. एकाच रेकॉर्डवरची दोन गाणी वेगळी वाटतात तेव्हा जाणकार त्याला ‘प्रयोगशीलता’ म्हणतात. किक ड्रमच्या पोटात गोधडी जाते. परदेशी पुस्तकांत उशी सांगितलेली असते, पण ठिपक्याठिपक्यांच्या टाक्यांची, सात साड्यांची गोधडी जी ठसठशीत ‘धप्’ देते ती उशीला देता येत नाही, असं अनेक दादांचं ठाम मत आहे.

स्नेअरवर लावतात तो माईक बहुतेक ठिकाणी शुअर एसएम ५७. १९६५पासून तो बाजारात आहे आणि अमेरिकेचे अध्यक्ष भाषणाला उभे राहतात तेव्हा त्यांच्यासमोरही गेली कित्येक दशकं तोच असतो. त्याची ख्याती अशी की तो कशानंही मोडत नाही. छोट्या स्टुडिओत असे दोन असतात. एक चालणारा आणि एक ज्याची वायर विशिष्ट कोनात धरली तर चालणारा. दुसरा धरायला बेसवाला उभा करतात.

मग क्लिक. क्लिक म्हणजे ड्रमरच्या कानात ठरलेल्या लयीत टकटक करणारी मेट्रोनोम. पुढे काटछाट करायची, जोडायची, दुसऱ्या टेकचा तुकडा आणून चिकटवायचा, तर सगळ्यांची लय एकच असावी लागते. पाच वर्षं आपण ताल धरून बसलोय असं समजणाऱ्या ड्रमरला आयुष्यातला हा पहिला निष्पक्ष साक्षीदार भेटतो. पहिले तीन टेक झाल्यावर तो हेडफोन काढतो आणि शांतपणे सांगतो, “दादा, क्लिक पुढे पळतोय.” दादा क्लिक तपासतो. तपासावाच लागतो, कारण नुसतं ‘नाही’ म्हटलं तर पुढचा तास रुसव्याचा, आणि तासाचे पैसे चालू असतात. काहीतरी खुडबुड केल्यासारखं करून तो म्हणतो, “आता बघ.” चौथा टेक चांगला येतो. नेमका त्याच्या शेवटच्या झांजेवर कुकरची शिट्टी होते.

दोन्ही आवाज एकाच माईकात गेलेले असतात, त्यामुळे एक ठेवून दुसरा काढता येत नाही. दादा तेवढाच भाग सात वेळा वाजवून ऐकतो. गिटारवाला म्हणतो, छान वाटतंय, राहू दे. ड्रमरला पुन्हा वाजवायचं नसतं, म्हणून तोही म्हणतो, राहू दे. शिट्टी राहते.

बेसचं काम तासाभरात आटोपतं, म्हणून त्याबद्दल कुणी फारसं लिहीत नाही. अडचण खोलीची असते. बेसची सगळ्यात जाड तार सेकंदाला ४१ वेळा थरथरते, तिची हवेतली लाट साधारण २७ फुटांची. म्हणजे बारा फुटांच्या खोलीत ती मावतच नाही. ५५ची खुली ए तार वाजली की मात्र दहा फूट रुंदी आणि दहा फूट उंची दोन्ही एकदम साथ देतात आणि कपाटाची काच, पंख्याची पाती, टेबलावरची चावी सगळं गायला लागतं. खोलीच्या मधोमध बसलं तर तोच सूर जवळजवळ गायब होतो. त्यामुळे बेस जास्त आहे की कमी, हा वाद कोण कुठे बसलंय यावर ठरतो. शहाणे दादा ॲम्प लावतच नाहीत, बेसची वायर डीआय बॉक्स नावाच्या डबीतून सरळ कॉम्प्युटरला जोडतात. बेसवाला पलंगाच्या काठावर बसून अकरा गाणी वाजवतो आणि उठून ऑफिसचा कॉल घेतो.

गिटारवाल्याचं असं नसतं. त्याला ‘टोन’ हवा असतो. टोन ही कल्पना समजावून सांगणं अवघड आहे. तो इतरांच्या रेकॉर्डवर असतो आणि आपल्या ॲम्पमध्ये नसतो. व्हॉल्व्हचा ॲम्प जोरात लावल्याशिवाय खुलत नाही, आणि जोरात लावायचा तर शेजारी आहेत. म्हणून ॲम्प नेतात बाथरूममध्ये. फरशांवरून आवाज घुमतो, फुकटचा रिव्हर्ब मिळतो, दार लावलं की निम्मा त्रास कमी. एका गिटारच्या भागाला दीड तास लागतो. या दीड तासात बँडमधल्या चौघांनाही बाथरूमची निकड वेगवेगळ्या वेळी लागते, आणि सगळ्यात निर्दोष टेक कुठला हे त्यावरून ठरतं.

त्यात वीज. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते आणि ती गुणगुण गिटारच्या पिकअपमध्ये उतरते. बेसवरच्या खालच्या जी या सुराची कंपनं ४९. म्हणजे आर्थिंग नसलेल्या इमारतीत आख्खं वीजवितरण खर्जात, किंचित चढा, जी लावून बसलेलं असतं. गाणं जी मध्ये असेल तर कुणाच्या लक्षात येत नाही. ए मध्ये असेल तर तानपुरा चुकीचा लावून गायला बसल्यासारखं होतं. हा त्रास जुना आहे. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हरनं १९५५च्या सुमारास दोन वेटोळी उलट जोडून गुणगुण मारणारा पिकअप काढला, त्याचं नाव हंबकर. ज्यांच्या गिटारला तो नाही ते दुसरा उपाय करतात. गिटार घेऊन खोलीत सावकाश गोल फिरायचं. एका ठरावीक दिशेला तोंड केलं की गुणगुण खरोखर कमी होते. एका स्टुडिओत ती दिशा ईशान्य निघाली आणि घरमालकीणबाईंनी त्या महिन्याचं भाडं दोन दिवस उशिरा घेतलं.

गाण्याचा नंबर शेवटी येतो. गायकाला उभं करतात कपड्यांच्या कपाटात, दारं उघडी ठेवून, पाठीमागे उरलेली दुसरी गोधडी टांगून. लटकलेले कोट आणि साड्या आवाज छान शोषतात. पंखा बंद, एसी बंद. एप्रिल महिना. गायकानं शर्ट काढलेला. दुसऱ्या कडव्यात एक लांबलचक सूर आहे, तो बाराव्या टेकला पहिल्यांदा सरळ लागतो. चार मात्रा, पाच, सहा, डोळे मिटलेले, मानेची शीर फुगलेली, आणि खिडकीखालून दुसरा सूर चढतो: “भंगाऽऽऽर!”

सगळं थांबतं.

“झाला ना?” गायक कपाटातून विचारतो.

“तुझा झाला. त्याचाही झाला.”

“त्याचा पट्टीत आहे पण,” बेसवाला म्हणतो.

ड्रमर नऊवारी बाजूला सारून, दार उघडून खाली जातो. “ओ मामा, दहा मिनिटं पुढच्या गल्लीत जाता का?” मामांचा समज होतो की माल आहे. ते गाडी लावून वर येतात, दारातून आत बघतात. सिंबलचे स्टँड, माईकचे स्टँड, पितळेच्या झांजा, जुना ॲम्प, वायरींचा ढीग. आयुष्यभराचा अनुभव असलेल्या नजरेनं ते वजनाचा अंदाज घेतात. “हे सगळं एकदम द्यायचंय?” ड्रमर नकळत आपल्या ड्रम सेटच्या आड उभा राहतो. मामा जो भाव सांगतात तो त्या सेकंडहँड सेटला बँडनं दिलेल्या भावाच्या इतका जवळ असतो की क्षणभर कुणीच काही बोलत नाही.

त्यानंतरचे टेक चांगले येत नाहीत. मग पहिल्या टेकमधली पहिली ओळ, सातव्यामधली दुसरी, बाराव्यामधला अर्धा सूर आणि चौदाव्यामधला उरलेला अर्धा, असं शिवणकाम होतं. तरी कुठे सूर खाली राहिला तर ऑटोट्यून. हे सॉफ्टवेअर १९९७मध्ये अँडी हिल्डेब्रँड यानं काढलं. त्याआधी तो जमिनीत पाठवलेल्या ध्वनिलहरींच्या प्रतिध्वनीवरून खाली तेल कुठे आहे ते शोधायच्या कामात होता. जमिनीखालचं दडलेलं शोधणारं गणित गायकाच्या घशातला दडलेला सूर शोधायला लागलं. स्वतंत्र बँड ऑटोट्यूनला तत्त्वतः विरोध करतात आणि ‘फक्त त्या एका जागी’ वापरतात. त्या जागा अकरा गाण्यांत मिळून चाळीसच्या आसपास भरतात.

मग मिक्स. मिक्स म्हणजे सगळे ट्रॅक एकमेकांत असे बसवायचे की प्रत्येकाला जागा मिळेल. चौघंही दादाच्या पाठीमागे ओळीत उभे राहतात आणि प्रत्येकाला फक्त स्वतःचा आवाज ऐकू येतो, किंवा येत नाही. “गिटार जरा वर घे ना.” गिटार वर गेली की गाणं दबतं, गाणं वर घेतलं की ड्रम कमी वाटतात, ड्रम वाढवले की गिटारवाला पुन्हा घसा खाकरतो. तासाभरात सगळे ६ डेसिबलनं वर गेलेले असतात, म्हणजे जिथे होते तिथेच, फक्त लाल दिवे लागलेले. मुरलेल्या दादाकडे यावर एक उपाय असतो. तो एक कळ अशी ठेवतो जी कशालाच जोडलेली नाही. कुणी ‘जरा वर’ म्हटलं की ती सावकाश सरकवायची, मान किंचित तिरकी करून ऐकायचं आणि विचारायचं, “आता?” मागचा माणूस समाधानानं म्हणतो, “आत्ता कसं!” जगभरच्या स्टुडिओंमध्ये ही कळ आहे आणि ती कधी बिघडल्याचं ऐकिवात नाही.

स्पीकरचीही गंमत आहे. यामाहानं १९७८मध्ये एनएस-१० हे स्पीकर घरी गाणी ऐकण्यासाठी काढले. घरच्या लोकांना ते आवडले नाहीत, स्टुडिओवाल्यांना आवडले, कारण त्यावर जे बरं वाजलं ते कुठेही बरं वाजायचं. आवाज फार टोचतो म्हणून मोठमोठे इंजिनिअर त्यांच्या ट्वीटरवर टिश्यू पेपर चिकटवायचे. छोट्या स्टुडिओत तेवढा भरवसा स्पीकरवर नसतो, म्हणून मिक्स सगळीकडे ऐकून बघतात: मोबाइलवर, बेसवाल्याच्या गाडीत, गायकाच्या मावशीच्या स्वयंपाकघरातल्या रेडिओवर. गाडीत बेस जास्त वाटतो, मोबाइलवर बेस आहे की नाही कळत नाही, आणि मावशी म्हणते, “शब्द छान आहेत रे, पण ऐकू येत नाहीत.” तिघांच्या मतांची सरासरी काढून नवा मिक्स होतो.

शेवटी मास्टरिंग, म्हणजे तयार मिक्सवरून फिरवलेला अखेरचा हात. हे काम दुसरा माणूस करतो, दुसऱ्या खोलीत, आणि बँड त्याला एकच सूचना देतो: लाऊड. इतरांपेक्षा आपलं गाणं जोरात वाजलं पाहिजे, या चढाओढीत मेटॅलिकासारखा बँडही सापडला. २००८मध्ये त्यांची ‘डेथ मॅग्नेटिक’ आली तेव्हा आवाज इतका कोंबलेला होता की एका व्हिडिओ गेममध्ये वापरलेली तीच गाणी रसिकांना जास्त मोकळी वाटली आणि पुन्हा मास्टरिंग करा म्हणून हजारो लोकांनी सह्या केल्या. आता तर या कोंबाकोंबीचा फायदाही उरलेला नाही. स्पॉटिफाय सगळी गाणी एका पातळीला आणून वाजवतं, जोरात केलेलं गाणं तिथे आपोआप खाली ओढलं जातं. हे बँडला समजावून सांगितलं की चौघं माना डोलावतात आणि म्हणतात, “हो, पण आपलं तरी लाऊड ठेव.”

आठ महिन्यांनी, ठरलेल्या बजेटच्या दुप्पट खर्चात आणि चौघांपैकी दोघांचं बोलणं बंद असताना, रेकॉर्ड पूर्ण होते. श्रेयनामावलीत दादाचं नाव येतं, कव्हर काढणाऱ्या मैत्रिणीचं येतं, गोधडीबद्दल एकाच्या आजीचं येतं. बेसवाल्याचं नाव ‘बेस, आणि इतर’ असं छापतात. पैसे त्याला गाण्यातून परत मिळतील असं ठरलेलं असतं. २०२४पासून स्पॉटिफायचा नियम असा आहे की वर्षभरात जे गाणं हजार वेळा वाजलं नाही त्याचा एक पैसाही मिळत नाही. वाजलं असं धरायलाही अट आहे: ऐकणाऱ्यानं ते निदान ३० सेकंद चालू ठेवलं पाहिजे.

तेव्हा एखाद्या संध्याकाळी कुठल्या भाच्याकडून, पुतण्याकडून किंवा ऑफिसातल्या अबोल सहकाऱ्याकडून ‘आमचं नवीन गाणं, नक्की ऐका’ असा मेसेज आला, तर आवाज हवा तेवढा बारीक करावा, फोन पालथा ठेवावा, पण ३१ सेकंद होईपर्यंत बंद करू नये.